उजवा खांदा

चार मिनिटांची फिल्म. गोष्ट एवढीच:
म्हातारा खाटेवरून उठतो,
दार उघडतो,
दाराशी कुणी नसतं.

केळुसकर मॅडम म्हणाल्या, सोप्पंय, म्हणून फसाल.
फळ्यावर दोन गोल काढले, मध्ये एक रेघ:
हा माणूस, हे दार.
कॅमेरा रेघेच्या एकाच अंगाला. ओलांडलीत
की तुमचा माणूस दाराकडे जाता जाता
दारापासून लांब जायला लागेल.
आम्ही वहीत उतरवलं. खाली दोन रेघा मारल्या.

कोपरखैरणे, सेक्टर सहा, माथाडींची बैठी घरं,
जी आता बैठी राहिलेली नाहीत.
सर्जेराव आबांचं तेवढं अजून बसलेलं.
आधी मस्जिद बंदर, मग तुर्भ्याचं कांदा-बटाटा मार्केट,
मिळून एकोणचाळीस वर्षं पोती.
विचारलं, काम कराल फिल्ममध्ये?
म्हणाले, उठायचं आन दार उघडायचं?
त्ये तर रोजचंच हाय.

खोली दहा बाय बारा.
तन्वीर कॅमेरा घेऊन कपाटाला चिकटला, मोरीत उभा राहिला,
खिडकीतून अर्धा बाहेर लोंबला,
आणि त्या धांदलीत रेघ कधी ओलांडली
ते निमिषाच्या वहीतही नाही.
बाकी सगळं होतं तिच्या वहीत:
चहा ग्लासात अर्धा. वरचं बटण उघडं.
पंखा दोनवर. चप्पल आधी डावी.
घड्याळ बंद (बरं झालं).
शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजलेल्या.

रात्री लॅपटॉपवर तुकडे जोडायला बसले.
आबा उठले, निघाले डावीकडून उजवीकडे.
कट.
आबा पाठमोरे, उजवीकडून डावीकडे.
खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या,
दार काही येईना.

एक बटण असतं. टिचकी मारली
की चित्र आरशातल्यासारखं उलटतं.
मारली.
पाठमोरा शॉट, खिसा दिसत नव्हता,
कॅलेंडर आम्ही आधीच उतरवलेलं.
आबा सरळ दाराशी पोचले.
मॅडमही म्हणाल्या, बरं बसलंय.

आबांना दाखवायला गेलो.
आधी हसले. आपली पाठ कुणी बघितलेली असते?
मग म्हणाले, परत लाव.
मग म्हणाले, हितंच थांबव.
"ह्यो मी न्हाई, पोरी."

आणि सदरा सरकवून दाखवला:
उजवा खांदा डाव्याहून तीन बोटं खाली,
मानेच्या मुळाशी घट्टा,
जुन्या उंबऱ्यासारखा गुळगुळीत.
"पोतं कायम ह्याच्यावर. डावा कोरा हाय माझा."

पडद्यावर मी डावा पाडला होता.
एका टिचकीत सगळी पोती
ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर.
निमिषानं वही चाळली, पुढून मागे, मागून पुढे.
खांदा लिहिलेला नव्हता.

तिसऱ्या रविवारी पुन्हा गेलो.
चहा अर्धा, बटण उघडं, चप्पल आधी डावी.
तन्वीरनं फरशीवर खडूनं रेघच ओढली,
आबा म्हणाले, पुसून जावा, नातू शाळा खेळंल तिच्यावर.

तेव्हा कळलं, कुठे कापायचं ते.
माणूस उठून झाल्यावर नाही, उठता उठता.
डोळा हालचालीच्या मागे लागतो,
सांधा बघत नाही.
आबा उठतात तेव्हा आधी गुडघा, मग कंबर, मग मान,
आणि उजवा खांदा सगळ्यात शेवटी,
कुणीतरी अजून वरून दाबून धरल्यासारखा.
सहा फ्रेम उशिरा. मोजल्या.
तिथं कापलं.

मधल्या काळात आबांनी केस कापले होते.
पहिल्या शॉटमध्ये कानावर येतात, दुसऱ्यात नाहीत.
तीन आठवडे आहेत त्या सांध्यात,
आजवर कुणी विचारलेलं नाही.
आबांनीही नाही.
ते प्रत्येक वेळी खांदा बघतात, मान हलवतात,
आणि दार उघडायच्या आधी म्हणतात,
हां, ह्यो मी.